धर्मादाय कोणाच्या पदरचा?

दरवर्षी २ फेब्रुवारीला प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण येतो. नाताळापासून मोजू लागल्यास तो चाळिसावा दिवस. पुत्र प्रसवलेल्या मातेने चाळीस दिवस पूर्ण होईपर्यंत मंदिराची पायरी चढू नये असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता आणि तो पाळूनच मरियामाता बाळाला घेऊन यरुशलेमेस गेली. त्या नियमामागची शुद्धाशुद्धतेची कल्पना आपण केव्हाच मागे टाकली आहे. परंतु ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना कोणी कामाला जुंपू नये, हे शहाणपण आपल्या घराघरांतून अद्याप टिकून आहे. वाडीत राबणाऱ्या आपल्या आज्यांनाही तेवढी सवलत मिळत असे. सासू कितीही खाष्ट असली तरी ती सव्वा महिना विहिरीवर पाठवीत नसे.

यंदा त्या सणाच्या प्रवचनाची तयारी करीत असता आम्हांला एक जुना हजेरीपट आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा त्याने आमचा पिच्छाच पुरवला. २०१८ साली एका धर्मग्रामाच्या समाजकेंद्राचा कारभार आमच्याकडे होता. केंद्राच्या बालवाडीत एक शिक्षिका सहा वर्षे शिकवीत होती. नेमणूक अकरा महिन्यांची, जून ते एप्रिल. मे महिना बिनपगारी. जूनमध्ये पुन्हा नवा करार. पगार हा शब्द आम्ही कटाक्षाने टाळीत असू. तिला मिळत असे ते मानधन, दरमहा साडेसात हजार रुपये. त्या वर्षी एप्रिलअखेर तिचा करार संपला आणि ८ मे रोजी ती बाळंत झाली. जूनमध्ये वर्ग उघडताना आलीस तर जागा आहे, नाहीतर दुसरी पाहावी लागेल, असा निरोप आम्हीच सिस्टरांकरवी तिला धाडला होता. त्यात आम्हांला काही वावगे वाटले नाही. १५ जूनला, म्हणजे प्रसूतीनंतर अडतिसाव्या दिवशी, हजेरीपटावर तिची सही आहे. महिनाअखेरीस त्याच पानावर खाली आमची सही आहे.

पुढे कितीतरी दिवसांनी सिस्टरांनी सांगितले की मधल्या सुटीत तिची धाकटी नणंद बाळाला घेऊन येई आणि ती भांडारखोलीत, पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांआड बसून त्याला पाजीत असे. त्याच सुमारास त्या बाळाचा बाप्तिस्माही आम्हीच केला. प्रत्येक बालक हे परमेश्वराने कुटुंबाला दिलेले देणे आहे, असे त्या दिवशी आम्ही वेदीवरून बोललो. खाली ती बसली होती. तिने काय ऐकले असेल?

हे आत्मनिवेदन करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. आमचा अपराध आम्ही पापनिवेदनात सांगू. येथे सांगायचे आहे ते असे की हा एकट्या आमचा अपराध नव्हे. वसईपासून जालन्यापर्यंत आपल्या शाळा, दवाखाने, समाजकेंद्रे, वसतिगृहे, वृद्धाश्रम यांत ज्या प्रापंचिक स्त्रिया काम करतात, त्यांतील कित्येकींचे बाळंतपण याच पद्धतीने उरकले जाते. आणि आपण सर्व, धर्मगुरू, धर्मभगिनी, विश्वस्त आणि देणगीदार, त्याला सेवा म्हणतो.

कायदा काय म्हणतो हे आधी पाहू, कारण आपल्यापैकी अनेकांना तो ठाऊकच नसतो. हिंदुस्थानात प्रसूतीच्या रजेचा पहिला कायदा १९२९ साली याच मुंबई प्रांताने केला. गिरणीत उभ्याने काम करणाऱ्या बायकांसाठी तो होता. त्याच्या विधेयकावर १९२८ साली प्रांतिक विधिमंडळात चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार प्रामुख्याने सरकारने उचलावा, तथापि स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा देशव्यापी मातृत्व लाभ कायदा आला. त्याने दिलेली बारा आठवड्यांची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची झाली. पुढे हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला ही तरतूद लागू होते. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेले असले की पुरे. नेमणूक कायम हवी अशी अट नाही. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा लाभ मिळाला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात २००० सालीच सांगून टाकले. प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवताच येत नाही, मग ती स्वतः तयार असली तरी. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आमच्या हजेरीपटावर अडतीस.

आता वाचकांना वाटेल की आम्ही कायदा मोडला. कागदावर नाही! केंद्रात अकराजणी काम करीत होत्या. त्यांतील दोघींची नोंद 'स्वयंसेविका' अशी होती, म्हणून कर्मचारी भरत होते नऊ. ही युक्ती आमच्या बुद्धीतून निघाली नव्हती. आमच्या आधीच्यांनी ती आम्हांला वारशात दिली आणि हिशेबतपासनिसाने तिला मान डोलावली. एकच संस्था तीन नावांनी नोंदवून प्रत्येकीत आठ-आठ माणसे दाखविण्याचे प्रकारही आम्ही पाहिले आहेत. जकात चुकविणाऱ्या व्यापाऱ्याला आपण प्रवचनात कोणते नाव देतो?

बरे, शासनाचा कायदा क्षणभर दूर ठेवू. चर्चचा कायदा तरी आपण पाळतो काय? १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायदेसंहितेत, कलम १२८६ आहे. चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्यांनी कामगारांना नेमताना त्या देशातील श्रमविषयक कायदे काटेकोरपणे पाळावेत आणि त्यांना न्याय्य वेतन द्यावे, असे ते बजावते. कलम २३१ आणखी पुढे जाते. चर्चच्या सेवेत असलेल्या प्रापंचिकांना स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजा भागतील एवढे वेतन मिळण्याचा आणि सामाजिक सुरक्षेची व आरोग्याची तरतूद होण्याचा अधिकार आहे, असे ते म्हणते. सेमिनरीत आम्ही कॅनन लॉचा अभ्यास केला. विवाहाच्या कलमांवर वर्षभर तासिका झाल्या. त्यांतील अडथळे आम्ही आजही झोपेत म्हणून दाखवू. १२८६ वे कलम मात्र एका दुपारी, जेवणानंतरच्या तासाला, मालमत्तेच्या भागासह उरकले गेले. हा दोष आमच्या प्राध्यापकांचा नव्हे. आम्ही विद्यार्थ्यांनीही एक प्रश्न विचारला नाही.

परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम'चा उल्लेख आपल्या मासिकांतून दरवर्षी १ मेच्या आसपास होतो. श्रमिकाचे वेतन केवळ दोघांच्या संमतीने ठरत नाही, त्याच्यावर निसर्गन्यायाचा वरचा अंमल असतो, हा त्याचा गाभा. दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स'मध्ये मातेच्या कामाचा स्वतंत्र विचार केला आणि श्रमाची रचनाच अशी हवी की स्त्रीला आपल्या प्रगतीची किंमत मातृत्वाने मोजावी लागू नये, असे सांगितले. १९७१ च्या बिशपांच्या सिनडने तर थेट चर्चकडेच बोट दाखविले. लोकांशी न्यायाविषयी बोलू इच्छिणाऱ्याने प्रथम त्यांच्या दृष्टीने न्यायी असले पाहिजे. चर्चसाठी राबणाऱ्यांना पुरेसे वेतन व त्या त्या प्रदेशात रूढ असलेली सामाजिक सुरक्षा मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे शिकवणीची वाण नाही. वाण आहे ती पगारपत्रकावरील एका रकान्याची.

याविषयी बोलू लागले की आमचे सहकारी जी उत्तरे देतात ती आम्हांला तोंडपाठ आहेत, कारण ती आम्हीच देत होतो.

पहिले उत्तर: ही नोकरी नव्हे, सेवा आहे, आमच्या सिस्टर पगारावाचून काम करतात, मग हिला एवढे कशाला? सिस्टरांविषयी आम्हांला नितांत आदर आहे. परंतु सिस्टर आजारी पडली तर तिचा संघ तिला दवाखान्यात नेतो, म्हातारी झाली तर तिच्या जेवणखाणाची सोय मठात असते, आणि दारिद्र्याचे व्रत तिने स्वतः, अनेक वर्षांच्या विचारानंतर, वेदीसमोर घेतलेले असते. आमच्या बालवाडीच्या शिक्षिकेने असे कोणते व्रत घेतले होते? तिने विवाहाचे व्रत घेतले होते, तेही आमच्याच समोर. त्या व्रताचे पालन करताना ती आई झाली, तेव्हा आम्ही तिला दुसऱ्याच कोणाच्या व्रताचा दाखला दिला.

दुसरे उत्तर: मानधन हे वेतन नव्हे. अंगणवाडीसेविकांना मानधन देणाऱ्या सरकारवर आपण टीका करतो आणि ती रास्तही आहे. पण त्या मानधनावरील सेविकेलासुद्धा बाळंतपणात १८० दिवसांची भरपगारी गैरहजेरी मिळते. आमच्या बालवाडीच्या भिंतीला लागून सरकारी अंगणवाडी होती. भिंतीच्या त्या बाजूला सहा महिने, या बाजूला अडतीस दिवस, आणि क्रूस या बाजूला.

तिसरे उत्तर थोडे खरे आहे, म्हणून त्याला थोडा अधिक वेळ देऊ. पैसा देणगीदाराचा आहे, तो गरिबांसाठी आहे, असे म्हटले जाते. परदेशातून वा येथून येणाऱ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात वाहनाच्या डिझेलला जागा असते, प्रशिक्षणवर्गाच्या चहाला जागा असते, फलकाला तर असतेच असते. कार्यकर्तीच्या बाळंतपणाला नसते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून शेकडा वीसवर आली आणि व्यवस्थापकांचा हात आणखीच आखडला. ही अडचण खोटी नाही. पण जो प्रकल्प कुपोषित बालकांसाठी व गरोदर मातांसाठी आखला जातो, त्यातीलच कार्यकर्ती गरोदर राहिली की ती प्रकल्पाची अडचण कशी ठरते? देणगीदारासमोर अर्ज ठेवताना हा खर्च आपण लिहीतच नाही. लिहिला आणि त्याने नाकारला असा अनुभव आम्हांला तरी आलेला नाही, कारण आम्ही कधी लिहिलाच नव्हता. आणि गरिबांचा पैसा म्हणताना ही बाई कोण? साडेसात हजारांवर घर चालविणारी स्त्री गरिबांत मोडत नाही काय? देणगीदार आपल्या खिशातून देतो हे खरे. पण ती सहा महिन्यांचे पंचेचाळीस हजार रुपये सोडून देते, तेव्हा आमच्या केंद्राची सर्वांत मोठी देणगीदार तीच ठरते. तिचे नाव मात्र आम्ही संगमरवरी फलकावर कोरीत नाही.

एक दृश्य आपल्या बहुतेक शाळांत पाहावयास मिळते. शिक्षकांची खोली एक, टेबल एक. एका बाजूला अनुदानित वर्गाची शिक्षिका, दुसऱ्या बाजूला विनाअनुदानित बालवर्गाची. दोघी एकाच फलाटावरून येतात, एकाच प्रार्थनेने दिवस सुरू करतात. दोघींना दिवस गेले. पहिली १८० दिवसांच्या रजेवर जाते, पगार सरकारी तिजोरीतून खात्यावर जमा होतो, सहकारी ओटी भरतात. दुसरी सातव्या महिन्यापासून हिशेब करू लागते. तिचा पगार शाळेने, म्हणजे आपण, द्यावयाचा असतो. तिला मुख्याध्यापिकेच्या खोलीत बोलावून समजावले जाते की तुझी प्रकृती महत्त्वाची, तू राजीनामा दे, पुढे बघू. तिच्या जागी जी येते तिला मुलाखतीत विचारले जाते, लग्न झाले का? मुलांचे काय ठरवले आहे? हे प्रश्न आम्हीही विचारले आहेत, अगदी हसतमुखाने. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात ज्या मुलीला आम्ही जीवनाचे स्वागत करायला सांगतो, तिलाच दोन महिन्यांनी आमच्या कार्यालयात ते स्वागत लांबणीवर टाक असे सुचवितो. गर्भपाताविरुद्ध फलक घेऊन आपण रस्त्यावर उतरतो, उतरलेच पाहिजे. तथापि पोटातले मूल की हातातली नोकरी, असा पेच जो मालक निर्माण करतो, तो त्या फलकाच्या कोणत्या बाजूला उभा असतो?

तिसऱ्या अपत्याविषयी चार शब्द. सव्वीस आठवड्यांची रजा कायदा पहिल्या दोन मुलांपुरतीच देतो. दोन मुले हयात असतील तर पुढच्या खेपेस बाराच आठवडे. सरकारने हे लोकसंख्येकडे पाहून ठरविले असावे. पण चर्चची शिकवण दोनावर थांबत नाही. २०२१ साली केरळातील पाला धर्मप्रांताने पाच वा अधिक मुले असलेल्या तरुण कुटुंबांना दरमहा दीड हजार रुपये देण्याचे जाहीर केले आणि त्यावर बराच वाद झाला. त्या योजनेच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. आपल्या शाळेतील शिक्षिकेला तिसरे मूल झाले, तर तिला सव्वीस आठवडे देण्यास कोणता कायदा आपल्याला मना करतो? कायद्याने ठरविलेले ते किमान आहे. त्याहून अधिक देणाऱ्याला तुरुंगात टाकल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आता पैशाकडे वळू, कारण भावनेने पगारपत्रक भरत नाही. प्रथम राज्य विमा योजना. ज्या कर्मचाऱ्याचे वेतन दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे व संस्था नोंदलेली आहे, तेथे प्रसूतीच्या सव्वीस आठवड्यांचे पैसे महामंडळ देते, संस्था नव्हे. संस्थेने द्यावयाची वर्गणी वेतनाच्या शेकडा सव्वातीन आणि कर्मचाऱ्याची पाऊण. मग आपल्या कित्येक संस्था नोंदणीपासून दूर का राहतात? आमच्या समजुतीप्रमाणे कारण एवढेच की नोंदणी करायची तर त्या 'स्वयंसेविकां'ची नावे खऱ्या पगारासह लिहावी लागतील.

जेथे ही योजना पोहोचत नाही तेथे धर्मप्रांताचा सामाईक निधी हवा. समजा, दहा लहान संस्था मिळून तीनशे कर्मचारी आहेत आणि सरासरी वेतन बारा हजार आहे. वर्षाचा पगारखर्च झाला ४ कोटी ३२ लाख. समजा, वर्षात आठजणी बाळंत झाल्या. प्रत्येकीचे सहा महिन्यांचे बहात्तर हजार, एकूण ५ लाख ७६ हजार. बदली शिक्षिकेचा पगार तर त्या जागेसाठी एरवीही द्यावाच लागला असता, तो यात धरण्याचे कारण नाही. हे प्रमाण शेकडा दीडपेक्षाही कमी भरते. एकट्या बालवाडीला बहात्तर हजार जड जातात, हे आम्ही अनुभवाने जाणतो. दहा संस्थांनी दरमहा शेकडा दीड बाजूला ठेवला तर कोणालाच जड जाणार नाहीत. आपल्या काही धर्मग्रामांत सणाच्या रोषणाईला, मांडवाला आणि बँडला एका रात्रीत किती खर्च होतो, हे येथे लिहून सण समितीचा रोष ओढवून घेण्याची आमची इच्छा नाही. समितीच्या अध्यक्षांनी आपल्या वहीत पाहावे.

निधीच्या सूचनेवर एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी आम्हांला विचारले, हे सारे मागते कोण? एकाही बाईने तक्रार केलेली नाही. खरे आहे. तक्रार कोणाकडे करणार? जो मालक, तोच तिचा धर्मगुरू. तोच तिच्या मुलाला प्रथम ख्रिस्तशरीर देणार, तोच तिच्या सासऱ्याचे अंत्यसंस्कार करणार, त्याच्याच चिठ्ठीवर थोरल्याचा शाळाप्रवेश अवलंबून. कारखान्यातल्या बाईला निदान युनियनचे कार्यालय तरी असते. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी जाते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात लिहिले आहे. मजुरांना ओरडता येत नव्हते म्हणूनच मजुरीला ओरडावे लागले, असा त्याचा अर्थ आम्ही आता लावतो.

सध्याच्या धर्मग्रामात आम्ही जे केले ते फार नाही. जानेवारीपासून स्वयंसेविकांची नावे हजेरीपटावर कर्मचारी म्हणून चढविली आहेत. अकरा महिन्यांचे करार बंद केले आहेत. भांडारखोलीशेजारची एक खोली रिकामी करून तेथे पडदा, खुर्ची आणि पाण्याचे मडके ठेवले आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुटी कायद्यानेच दिलेली आहे. धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत एका सभासदाने, अशाने बायका नोकरीसाठीच येतील, असा धोका दाखवून दिला. नोकरीसाठीच यायचे असते, असे आम्ही त्यांना सांगितले.

राहिली ती शिक्षिका. तिचे पंचेचाळीस हजार रुपये अद्याप देणे आहेत. ते आम्ही स्वतःच्या मिस्साच्या दक्षिणेतून हप्त्याहप्त्याने द्यावेत, असे एका मित्राने सुचविले. आम्ही नकार दिला. मग ते दान होईल आणि तिला आमचे आभार मानावे लागतील. ती रक्कम संस्था देणे लागते, तेव्हा संस्थेच्या खात्यावरून, थकीत वेतन अशा नोंदीने, तिच्या खात्यावर जमा झाली पाहिजे. तसा अर्ज जुन्या हजेरीपटाच्या प्रतीसह, आमची सही असलेल्या त्याच पानासह, आम्ही धर्मप्रांताच्या अर्थसमितीकडे पाठविला आहे. सामाईक निधीचा प्रस्तावही त्याला जोडला आहे. आगमनकाळापूर्वी समितीची बैठक होईल असे कळते. तिचा निर्णय जो होईल तो याच त्रैमासिकाच्या पुढील अंकात वाचकांना कळवू.